कोऱ्या पिंपातली हिरवळ

गवतरावांच्या हातून कुठलंही भांडं अर्धं भरलेलं सुटत नसे. चहाचा कप ते असा भरत, की पिणाऱ्याला आधी टेबलापाशी वाकून, कपाला हात न लावता पहिला घोट घ्यावा लागे. पाहुणे आले की बायको किटली त्यांच्या हातातून काढून घेई. "अहो, त्यांना चहा द्यायचाय, आंघोळ नाही घालायची." गवतराव ओशाळून हसत आणि पुढचा कप पुन्हा तस्साच भरत. माळ्याचा हात तो. पाण्याची पातळी काठाच्या खाली दिसली, की त्यांच्या जिवाला रुखरुख लागे.

हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. तळ्याकाठच्या क्लबातल्या मंडळींनी ते त्यांना बहाल केलं होतं, आणि ते असं चिकटलं होतं, की खरं नाव कुणी विचारलंच तर त्यांना स्वतःलाच क्षणभर आठवावं लागे. या क्लबात पांढरेशुभ्र कपडे घातलेली वयस्क मंडळी संध्याकाळी हिरवळीवर लाकडी चेंडू घरंगळवत आणि प्रत्येक चेंडू चुकला की गुडघ्यांना दोष देत. ती हिरवळ गवतरावांची. त्यांनीच पेरलेली, त्यांनीच कापलेली, त्यांनीच लाडावलेली. क्लबच्या पायरीपासून उतरत उतरत ती थेट तळ्याच्या पाण्याला टेकत असे. सकाळी दव पडलेलं असताना गवतराव चपला काढून तिच्या कडेकडेने चालत, मधे पाय टाकत नसत. भरल्या प्रेक्षागृहात पडदा उघडण्याआधी जुना नट जसा रंगमंचाच्या फळीला हळूच हात लावून येतो, तसंच काहीसं ते होतं.

हिरवळीच्या एका बाजूला तारेचं कुंपण होतं, कुंपणाला एक कुरकुरणारं फाटक होतं, आणि फाटकापलीकडे तलाव संशोधन केंद्राची बैठी इमारत होती. तिथे त्यांची बायको काम करी. केंद्रात तिला सगळे मोजणीकाकू म्हणत, कारण तिचं काम मोजणीचं. तळ्याच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, आणि त्यात काय काय जगतंय ते मोजायचं. डोळ्यांना न दिसणारे हिरवे गोळे, हिरवे धागे, चंद्रकोरी, आणि त्यांच्यामधून उड्या मारत जाणाऱ्या पाणपिसवा. या सगळ्या जमातीला मिळून प्लवक म्हणतात. गवतरावांनी हा शब्द ऐकला होता, पण बायकोच्या माहेरच्या दूरच्या नातेवाइकांबद्दल ऐकावं तसा. आहेत म्हणे कुठेतरी, सुखात असोत.

त्यांचं लग्न जमलं तेही याच केंद्राच्या एका खिडकीपाशी. तरुणपणी गवतराव केंद्राचं कुंपण छाटायला आले होते. खिडकीतून एक मुलगी नळीला डोळा लावून बसलेली दिसली म्हणून ते जरा रेंगाळले. मुलीने मान वर न करता म्हटलं, "उजेडातून बाजूला व्हा."

नाटकातल्या नायिकेच्या तोंडी पहिलं वाक्य असं असतं, तर लेखकाला तालमीत चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते. पण गवतराव बाजूला झाले, आणि तेव्हापासून जन्मभर त्यांनी तिच्या उजेडात येऊ नये अशी काळजी घेतली. संसार चांगला झाला. ती मोजायची, हे भरायचे.

आता गोष्टीतल्या दोन झाऱ्यांची ओळख करून देतो. गवतरावांच्या अवजारांच्या खोलीत एक निळी झारी होती, ती पाण्याची. आणि एक लाल, ती तणनाशकाची. हिरवळीत एक पिवळ्या फुलाचं तण डोकं काढायचं आणि क्लबच्या सेक्रेटरींना ते खपत नसे. या सेक्रेटरींना समोरून येणारी बायको ओळखायला चष्मा लागे, पण पिवळं फूल ते वरच्या मजल्यावरून बिनचष्म्याने टिपत. "गवतराव, तिकडे एक उगवलंय." की निघाली लाल झारी. गवतराव त्या बाबतीत मोठे कडक होते. लालमध्ये पाणी नाही, निळीत औषध नाही. देशाच्या सीमेवरदेखील इतकी शिस्त नसेल.

पण त्या वर्षी उन्हाळा लागता लागता एका चिमणीने खिळ्याला टांगलेल्या निळ्या झारीत घरटं केलं.

गवतरावांनी सकाळी झारी काढायला हात घातला आणि आतून चिवचिवाट झाला. त्यांनी हात मागे घेतला. "माफ करा," ते म्हणाले, आणि दार हळूच लावून घेतलं. नवी झारी मागितली तर सेक्रेटरी कारण विचारणार, कारण सांगितलं तर घरटं बाहेर फेकायला सांगणार, हे त्यांना पाठ होतं. म्हणून त्यांनी एक मार्ग काढला. लाल झारी साबणाने घासून तीन पाण्यांनी धुवायची, उन्हात पालथी घालायची आणि पाण्यालाही तीच वापरायची. धुतलेल्या झारीला ते नाक लावून हुंगत आणि म्हणत, "यातून आता माणसाने पाणी प्यावं."

इकडे कुंपणापलीकडे त्याच वेळी एक मोठा प्रयोग मांडला होता. केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी मांडला होता. या बाई वयाने लहान, अंगाने काडी, केसांत कायम एक पेन्सिल खोचलेली आणि बोलणं असं, की ऐकणाऱ्याला दम लागावा. क्लबातले लोक त्यांना फाटकात गाठून गुडघे दाखवत. "मी पाण्याची डॉक्टर आहे हो," असं त्या सांगत. "मग गुडघ्यात पाणी झालंय, तेच बघा," असं उत्तर येई.

तर प्रयोग असा. काठावर पांढऱ्या पिंपांची एक रांग मांडायची. सगळ्यांत तळ्याचं पाणी, त्यातल्या प्लवकासकट. मग कुठल्या पिंपात तणनाशक थेंबभर, कुठल्यात त्याहून जास्त, असं चढत्या मापाने घालायचं. शेताबागेतून वाहून तळ्यात येतं तेवढंच, फार नाही. आणि तीन पिंपं कोरी ठेवायची. त्यांत काहीच घालायचं नाही. ती निरोगी राहतील, आणि बाकीच्यांचं काय होतंय ते त्यांच्याशी ताडून पाहायचं. सगळ्या प्रयोगाचा पाया ती तीन कोरी पिंपं. मापं घालण्याचं काम डॉक्टरबाईंनी काकूंकडेच दिलं होतं. "काकूंचा हात म्हणजे बंद खोलीतली ज्योत आहे," असं त्या म्हणत. "जराही हलत नाही." काकू यावर तोंड वाकडं करत, पण घरी येऊन ते वाक्य सांगितल्याशिवाय राहत नसत.

विषाच्या पिंपांवर कवटीचं चित्र असलेले छोटे झेंडे लावले होते. कोऱ्यांवर काही नव्हतं.

उन्हाळा चढला, डॉक्टरबाई कुठल्याशा परिषदेला गेल्या, आणि नेमक्या तेव्हाच काकू तापाने पडल्या. अंथरुणात कूस बदलता बदलता त्या पुटपुटायच्या, "पिंपं उन्हात आहेत. पाणी उतरलं असेल. बरी झाले की बघते." दुसरं कुणी असतं तर "हो हो, बघ हं" म्हणून कपाळावर ओली पट्टी ठेवून मोकळं झालं असतं. पण पाणी उतरलंय हे शब्द गवतरावांच्या कानी पडले होते. लढाईतल्या घोड्याने रणशिंग ऐकलं होतं.

ते कुरकुरत्या फाटकातून आत शिरले. पिंपांची पातळी खरोखरच चांगली वीतभर खाली गेली होती. कवटीच्या झेंड्यांकडे त्यांनी लांबूनच पाहिलं. दर महिन्याला हेच औषध स्वतः शिंपडणारा हा माणूस, पण चित्रातल्या कवटीला घाबरला. त्या पिंपांना त्यांनी हात लावला नाही. मात्र शेवटची तीन, बिनझेंड्याची, गरीब बिचारी, कुणी वाली नसलेली, ती पाहून त्यांचं मन कळवळलं. त्यांनी जाळीची झाकणं उचलली, तीन पाण्यांनी धुतलेली लाल झारी तळ्यात बुडवली, आणि तिन्ही पिंपं भरली. काठोकाठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि बायको उठेपर्यंत रोज.

त्यांनी हे घरी सांगितलं नाही. पठ्ठ्याने ठरवलं होतं, तिला आपोआप दिसू दे. आणि दिसण्यासारखं होतंही. आधी ते पाणी कसं मातकट हिरवट होतं, आणि आता दिवसागणिक नितळ होत चाललं होतं. काचेसारखं. तळ दिसायला लागला. गवतराव फाटकाला टेकून ते पाहत आणि मनातल्या मनात टाळ्यांचा कडकडाट ऐकत.

काकू कामावर रुजू झाल्या, डॉक्टरबाई परत आल्या, आणि गवतराव संध्याकाळी टेबलापाशी कौतुकाची वाट पाहत बसले. कौतुक काही येईना. शेवटी त्यांनीच विषय काढला.

"काय म्हणतात तुझी पिंपं? स्वच्छ झाली असतील ना, एव्हाना?"

काकूंनी कप खाली ठेवला. "झाली. आरपार दिसतंय."

"वा."

"वा काय? कोरी पिंपं मेली."

"मेली म्हणजे? पाणी कसं मरेल?"

"अहो, ते हिरवं होतं ना पाण्यात, ती घाण नाही. ती हिरवळ आहे." काकूंचा आवाज थकलेला होता. "तुमची जमिनीवर, तशी माझी पाण्यात. ती उन्हावर वाढते, तिच्यावर पाणपिसवा चरतात, पिसवांवर मासे जगतात. हिरवळ गेली की पाणी नितळ होतं. मग पिसवा काय खाणार? पहिल्यांदा उड्या मारताना दिसतात, मग त्यांची पोटं रिकामी दिसतात, मग त्याच दिसेनाशा होतात. औषधाने नाही मेल्या त्या. उपाशी मेल्या."

गवतरावांनी कपाकडे पाहिलं. कप काठोकाठ भरलेला होता आणि त्यात त्यांचं स्वतःचंच तोंड दिसत होतं.

"पण... कोऱ्यांत औषध आलं कुठून?" त्यांनी विचारलं. हे विचारताना त्यांच्या डोळ्यांपुढून एक लाल झारी डावीकडून उजवीकडे सावकाश निघून गेली.

"तेच तर." काकू उठल्या. त्यांनी मोजपात्र घेतलं, नळाखाली भरलं, आणि एका अरुंद बाटलीत पाण्याची धार धरली. धार जरा थरथरली. त्यांनी पाणी ओतून दिलं आणि पुन्हा भरलं. "माझ्याच हातून गेलं असणार. ताप अंगात भिनत होता तेव्हा घातलं असेल, काय की. आणि पिंपं बघितली तर वरपर्यंत भरलेली. मी कधी भरली, मला काडीइतकं आठवत नाही. आता हातही गेला आणि डोकंही."

"छे गं. तुझा हात... बंद खोलीतली ज्योत."

"डॉक्टरबाई आता तसं म्हणाल्या नाहीत," काकू म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, काकू, तुम्ही काही दिवस बाटल्या धुण्याच्या खोलीत बसता का. गोड बोलल्या हो. पण मला कळतं. त्यांनी कशाला सांगायचं, मीच सोडते. पाहुणे येणारेत प्रयोग बघायला, तेवढं झालं की सांगून टाकते, माझ्याने आता मोजणी होत नाही."

बोलायची वेळ तीच होती. नाटकात अशा जागी नायक एक पाऊल पुढे टाकतो, दिवा त्याच्यावर येतो, आणि तो सांगून मोकळा होतो. गवतरावांनी तोंड उघडलं. पण मागे कुजबुजणारा प्रॉम्प्टर नव्हता. बोललो, तर उद्या सगळ्या क्लबला कळणार, सेक्रेटरी घरटं फेकणार, डॉक्टरबाई तर गेली कित्येक वर्षं क्लबच्या फवारणीवर डोळा ठेवून होत्याच, म्हणजे हिरवळ जाणार. आणि हे सगळं परवडलं, पण समोर जी बाई बाटलीत धार धरून हात तपासतेय तिला काय वाटेल, या विचाराने ते अडले. तोंड उघडलंच होतं म्हणून ते चहा प्यायले.

सकाळी मात्र त्यांना तोड सुचली. माळ्याची तोड. हिरवळीत टक्कल पडलं तर आपण काय करतो? दुसरीकडचं गवत मातीसकट उचलून आणतो आणि लावतो. पाण्यात तसं का होऊ नये? क्लबच्या मागच्या अंगाला कमळांचा आणि लाल माशांचा एक जुना हौद होता. त्यातलं पाणी हिरवंगार, दाट, बोट घातलं तर हिरवं निघावं असं. झारी नको, झारीचं नावच नको. गवतरावांनी स्वयंपाकघरातला कोरा हंडा उचलला, हौदात बुडवला, आणि सूर्य उगवताना ती हिरवाई तीन कोऱ्या पिंपांत वाटून टाकली. काठोकाठ. मग ते फाटकापाशी उभे राहून म्हणाले, "धरा मूळ."

मूळ काही धरलं नाही. पण त्या हिरवाईत बेडकाची अंडी होती.

पुढचे दिवस केंद्रात गोंधळ माजला. मेलेल्या कोऱ्या पिंपांत काळीभोर शेपटीवाली मंडळी पोहू लागली. एकात लाल माशाचं नखाएवढं पिल्लू निघालं. डॉक्टरबाईंची पेन्सिल केसांतून निघाली ती परत जाईना. त्यांचा पहिला तर्क बगळ्याच्या पायाला चिकटून अंडी आली हा होता. दुसरा, जाळीला भोक असावं. जाळी तपासली, भोक नव्हतं. तिसरा तर्क त्यांनी मोठ्याने सांगितला नाही, पण त्या काकूंकडे फार मायेने पाहू लागल्या, आणि काकूंना ती माया बाटल्या धुण्याच्या खोलीपेक्षाही जड गेली.

"मी आज एका पिंपात मासा बघितला," काकूंनी त्या संध्याकाळी सांगितलं. "मला आधी वाटलं, मलाच दिसतोय."

"असेलही मासा," गवतराव म्हणाले. "तळंच आहे ते."

"पिंप आहे ते. ताप होता तेव्हा मी उठून अजून काय काय करत होते, देव जाणे." काकू हसल्या, पण ते हसणं ऐकून गवतरावांनी समोरचा भरलेलाच पेला पुन्हा भरला. "झोपेत चालत असेन. तुम्हाला कधी जाग आली नाही का हो?"

पाहुण्यांचा दिवस उजाडला. लांबून आलेले पाच-सहा जाणकार, पायांत रबरी बूट, प्रयोगाभोवती उभे. सेक्रेटरीही क्लबतर्फे हजर, कारण कुंपणापलीकडे काय शिजतंय याची त्यांना नेहमी काळजी. काकू कडेला, पांढरा कोट घालून, हात खिशात घट्ट घातलेले. गवतराव कुंपणाच्या क्लबकडच्या बाजूला कात्री घेऊन एकच फांदी पुन्हा पुन्हा छाटत होते. फांदी केव्हाच संपली होती.

डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. विषाच्या पिंपांत हिरवळ किती घटली, पिसवा किती दिवसांनी गेल्या. मग त्या कोऱ्या पिंपांपाशी आल्या आणि त्यांचा आवाज पडला. "या तीन पिंपांचं मात्र आम्हाला कळत नाही. सगळं व्यवस्थित चालू होतं. कुठेतरी गडबड झाली. या प्रकरणातला झारीतला शुक्राचार्य कोण, तेवढं सापडत नाहीये."

त्यांनी साधा वाक्प्रचार वापरला होता. पण कुंपणापलीकडे कात्री पडल्याचा आवाज झाला.

काकूंनी खिशातून हात काढले. "डॉक्टरबाई, मला काही सांगायचंय," त्या म्हणाल्या. "माझ्याच..."

"थांबा," कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं, आणि अवजारांच्या खोलीकडे पळत गेल्याचा आवाज आला. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. थोड्याच वेळात फाटक कुरकुरलं आणि गवतरावांचा प्रवेश झाला. एका हातात लाल झारी. दुसऱ्या हातात, छातीशी तान्हं बाळ धरावं तशी, निळी. आणि निळ्या झारीतून चिमणीची सगळी पोरं एका सुरात भूक भूक ओरडत होती.

"झारी माझी," गवतराव म्हणाले.

चिवचिवाट वाढला. गवतरावांनी आवाज चढवला. "ही लाल औषधाची. ही निळी पाण्याची, पण हिच्यात बाळंतपण झालंय. म्हणून मी लाल धुऊन घेतली. तीन वेळा. साबणाने. आमच्या हिला ताप होता, पाणी उतरलं होतं, म्हणून मी भरलं. ज्यांच्यावर कवट्या नव्हत्या ती भरली. आणि मग मेली म्हणून हौदातली हिरवळ आणून लावली. ते बेडूक माझे. तो मासाही माझा. हिने काही केलेलं नाही. हिचा हात..." इथे चिमणीच्या पोरांनी असा गिल्ला केला, की पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. तेवढ्यात चिमणी स्वतः आली, गवतरावांच्या डोक्याभोवती चिडून घिरट्या घालू लागली, आणि ते खाली वाकले. पाहुण्यांपैकी एकाला वाटलं, संपलं, म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या.

सगळे काकूंकडे पाहत होते. काकू नवऱ्याकडे.

"भरलंत कुठपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"काठोकाठ."

काकूंनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेलं होतं. मग त्यांनी उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो हलत नव्हता. डॉक्टरबाईंनी तो हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हटलं, "काकू, माझं चुकलं." काकू म्हणाल्या, "चुकलं कसलं, मलाच खरं वाटलं होतं."

डॉक्टरबाईंनी लाल झारी मागून घेतली, तीन वेळा धुवायला लावली, आणि तिसऱ्या वेळचं पाणी बाटलीत भरून घेतलं. झारीच्या तोटीच्या सांध्यात औषध मुरून राहिलं असेल, असं त्यांचं म्हणणं. "क्लबच्या काठाला तळं नेहमी इतकं नितळ का असतं, याचा मला संशय होताच," असंही त्या म्हणाल्या. "खात्री नाही, पण आता मोजून बघू." कोरी पिंपं नव्याने भरली गेली, बेडकांची रवानगी हौदात झाली, आणि प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मापं घालायला काकूच.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. घरी काकू बोलेनात. पिंपांचा राग त्यांना नव्हताच. शेवटी एकदाच त्या फुटल्या. "मी इथे हात तपासत बसले होते. आणि तुम्ही समोर चहा पीत होतात."

त्यानंतर काकू त्यांच्याशी चिमणीमार्फत बोलू लागल्या, म्हणजे खिडकीत बसलेल्या चिमणीकडे पाहून म्हणायच्या, "घरातलं मीठ संपलंय, कुणाला आणायचं असेल तर आणावं." गवतरावही चिमणीला सांगायचे, "आणतो म्हणावं." असे बरेच दिवस गेले. चिमणी कंटाळली असेल.

एके सकाळी गवतराव केंद्राच्या त्याच जुन्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. काकूंचा डोळा नळीला.

"उजेडातून बाजूला व्हा," काकू म्हणाल्या.

गवतराव बाजूला झाले, पण गेले नाहीत. "मला ती हिरवळ बघायचीये," ते म्हणाले. "मी मारली ती. निदान कशी होती ते तरी बघू दे."

मग खुर्ची सरकली. "आत या. काचपट्टीला हात लावू नका. आणि काही भरू नका."

गवतरावांनी नळीला डोळा लावला. सुरुवातीला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकदम एक कुरण उघडलं. हिरवे धागे, हिरव्या चंद्रकोरी, पाचूसारखे गोल, आणि मधून एक पारदर्शक पाणपिसू टुणकन आली. तिच्या पोटात हिरवं खाणं दिसत होतं, पाठीत बारीक अंडी दिसत होती, आणि ती हात झाडत, उड्या मारत, मोठ्या घाईत चरत होती. क्लबच्या हिरवळीत उभ्या जन्मात त्यांना इतकी गर्दी दिसली नव्हती.

"कापायला कोण येतं इथे?" त्यांनी विचारलं.

"तीच की. चरतेय बघा."

"छान समतल ठेवलंय," गवतराव म्हणाले, आणि डोळा पुसून पुन्हा लावला. काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. नवरा नळीला डोळा लावून बसलाय आणि आपण उजेडात उभ्या आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या बाजूला झाल्या.

लाल झारी केंद्रातल्या फळीवर गेली ती परत आली नाही. चिमणीची पोरं उडाल्यावर निळी झारी कामाला लागली, आणि पिवळं तण अर्थातच उगवलं. सेक्रेटरी वरच्या मजल्यावरून ओरडले, "गवतराव, तिकडे एक. इकडे दोन."

"बघतो साहेब," गवतराव म्हणाले, आणि तण उकरायचा एक जुना काटा घेऊन हिरवळीवर चक्क गुडघ्यांवर बसले. एकेक तण मुळासकट उपटायचं, हाताने. नाक गवताला लागेल इतके ते वाकले होते. फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले.

"काय हरवलंय हो?"

गवतराव तण उपटण्यात गुंग होते. "सापडेल," ते म्हणाले.

गृहस्थ मोठे सहृदय. त्यांनी पँट वर ओढली, गुडघ्यांची माफी मागितली आणि तेही बसले. त्यांना पाहून दोघीजणी आल्या. "अंगठी आहे का?" "दात असेल," दुसरी म्हणाली, "मागच्या वर्षी यांचाही पडला होता." त्याही बसल्या. "हे पिवळं आड येतंय, आधी हे काढा," गवतरावांनी सांगितलं, आणि सगळे काढू लागले. अखेर सेक्रेटरी स्वतः खाली उतरले, काय चाललंय ते चष्म्याशिवाय दिसेना म्हणून वाकले, आणि वाकले ते तसेच राहिले, कारण कंबर परत वर येईना.

कुंपणापलीकडे काकूंनी डोळ्यांना विसावा द्यावा म्हणून खिडकीतून बाहेर पाहिलं. हिरवळीवर पांढरी, गुबगुबीत मंडळी हातपाय झाडत, मधेच टुणकन पुढे सरकत, मन लावून चरत होती. मधोमध एक ओळखीची पाठ होती.

काकूंनी पेन्सिल उचलली आणि सवयीने मोजायला सुरुवात केली.